हिरवा धोटा

मी आयुष्यात पन्नासेक नाटकांत कामं केली. राजा झालो, राजाचा शिपाई झालो, एकदा ऐन वेळी नायिकेची आईसुद्धा झालो. पण तुमची सगळ्यात मोठी भूमिका कोणती, असं कुणी विचारलं तर मी सांगतो : सोलापूरच्या पूर्व भागात, एका विणकराच्या उंबऱ्याशी बसून, दोरा ओढून एक काळा पुठ्ठा वर करणं आणि चार मिनिटांनी तो खाली सोडणं. संवाद नाही, टाळ्या नाहीत, आणि शिंकलात तर तुमचं माझं संपलं, अशी दिग्दर्शकाची सक्त ताकीद. दिग्दर्शक होते आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे प्राध्यापक सत्यनारायण गड्डम.

गड्डम म्हणजे तेलुगूत दाढी. सरांना दाढी नव्हती, मिशीही जेमतेमच. कुणी याची चौकशी केली तर ते गंभीरपणे सांगत, "आजोबांनी सगळ्या घराण्याच्या वाटची ठेवून घेतली." अंगानं किरकोळ, चालणं तिरकं, आणि अंगात बारा महिने जाडंभरडं पांढरं कापड. ते त्यांच्या वडिलांनी हातमागावर विणलेलं. मे महिन्यात सोलापुरात डांबर वितळायचं, पण सरांचा शर्ट बदलायचा नाही. इतर प्राध्यापकांच्या खिशाला पेन असे. सरांच्या खिशात पितळेचं एक घडीचं भिंग असायचं. विणकर ते कापडावर ठेवून एका इंचात किती धागे आहेत ते मोजतात. सर बोलता बोलता ते तुमच्या बाहीवर ठेवायचे, वाकायचे आणि मोजू लागायचे. तुम्ही तोवर हात हलवायचा नाही.

एकदा प्राचार्य स्टाफ मीटिंगमध्ये शिस्त या विषयावर बोलत होते. नवाकोरा सफारी सूट घातला होता. शेजारी बसलेल्या गड्डम सरांनी भाषण सुरू असतानाच प्राचार्यांच्या बाहीवर भिंग टेकवलं. भाषण संपल्यावर सर म्हणाले, "फसवलं तुम्हाला दुकानदारानं. धुतल्यावर आटेल हे." प्राचार्य संतापले. दोन धुण्यांनंतर सफारीच्या बाह्या मनगट सोडून कोपराच्या दिशेनं निघाल्या. त्या दिवाळीपासून प्राचार्य कापड खरेदीला जाताना गड्डम सरांना स्कूटरवर मागे बसवून नेऊ लागले.

आमची ओळख मात्र भांडणानं झाली. मी मराठी शिकवत असे आणि स्नेहसंमेलनाच्या नाटकांची जबाबदारी माझ्याकडे होती. प्रयोगाच्या आदल्या दिवशी रंगमंचाचा मागचा काळा पडदा गायब झाला. फिजिक्सच्या प्रयोगशाळेतले शिपाई ज्ञानोबा हे वेळापूरचे, सरळ मनाचे गृहस्थ. त्यांनीच मला कानात सांगितलं, "पडदा वर हाय बगा. सरांनी खिडकीला लावलाय. तुमी जाऊ नका, आत अंधार हाय लई."

मी गेलोच. दार ढकललं तर काळोखातून शांत आवाज आला, "आत या नाहीतर बाहेर जा. मधे उभं राहू नका, उजेड येतो." मी नाटकी आवाजात म्हणालो की तुम्ही माझा पडदा चोरला आहे. आवाज म्हणाला, "तुमच्या नाटकाला अंधार किती लागतो?" मी म्हणालो, दोन प्रवेशांत मिळून दहा मिनिटं. "मग उरलेलं वर्ष तो पडदा काय करतो?" शेवटी तडजोड झाली : प्रयोगापुरता माझा, एरवी त्यांचा. दुसऱ्या दिवशी पडदा आला तेव्हा त्याची तीन भोकं नाहीशी झाली होती. रफू इतकं बारीक की मी बोटानं शोधूनही मला ते सापडलं नाही. सर म्हणाले, "भोकातून उजेड येत होता, म्हणून. तुमच्यासाठी नाही केलं."

सरांना त्या दिवसांत एकच वेड होतं. होलोग्राम.

आता हे प्रकरण मी फिजिक्सवाल्यांसारखं सांगू शकत नाही, पण सरांनी मला जसं सांगितलं तसं सांगतो. लेझर म्हणजे एकाच रंगाचा, शिस्तीत चालणारा प्रकाश. तो पसरवून एका काचेतून जाऊ द्यायचा. काचेवर फोटोच्या मसाल्याचा थर असतो. पलीकडे वस्तू ठेवलेली. प्रकाश काचेतून जातो, वस्तूवर आपटून परत येतो, आणि जाणाऱ्या लाटा व परतणाऱ्या लाटा त्या थरात एकमेकींना भेटतात. जिथं भेटतात तिथं खूण उमटते. केसाहून कितीतरी बारीक थरात अशा खुणांचे पन्नासेक पापुद्रे, एकावर एक. काच धुतली की तिच्यात काहीच दिसत नाही. नुसती मळकी काच. पण तिच्यावर योग्य कोनातून ऊन पाडलं की ती वस्तू काचेमागे अधांतरी उभी राहते. मान हलवली तर तिची बाजूही दिसते.

मी विचारलं, पन्नास पापुद्रे कशाला, एक पुरणार नाही? सरांनी टेबलावरचं मलमलीचं फडकं उचललं आणि शेजारी एक सोलापुरी चादर ठेवली. त्यांच्या प्रयोगशाळेत चादर का होती हे विचारू नका, तिथं कधी कधी मसाला वाटायचा दगडही असे. "पातळ होलोग्राम म्हणजे ही मलमल," ते म्हणाले. "कुठूनही, कुठल्याही रंगाचा उजेड आला की ती सगळ्यांना वाट देते. मग सगळे रंग एकमेकांवर सांडतात आणि चित्र फिसकटतं. ते पाहायला पुन्हा लेझरच लागतो. जाड होलोग्रामचं तसं नाही. प्रत्येक पापुद्रा थोडा थोडा उजेड परत पाठवतो. पन्नासही जणांचं एकमत झालं तरच काही दिसतं. आणि एकमत एकाच कोनाला, एकाच रंगाला होतं. बाकीचा उजेड तो सोडून देतो. म्हणून साध्या उन्हातही चालतं."

मग ते त्यांचं लाडकं वाक्य बोलले, जे पुढं मी वर्गात माझं म्हणून खपवलं. "माणूस जाड असावा, मास्तर. पातळ माणूस येईल त्याला हो म्हणतो. जाड माणूस एकाच कोनातून उघडतो, पण उघडला की सगळा दिसतो."

याचा पुढं उपयोग काय, असं विचारलं की सरांच्या डोळ्यांत आभाळ यायचं. वस्तूच्या जागी अंतर्गोल आरसा ठेवला तर त्या आरशाचाही होलोग्राम होतो, आणि मग ती सपाट काचच आरशासारखी उजेड गोळा करू लागते, तोही हव्या त्या एकाच रंगाचा. विमान चालवणाऱ्यापुढं अशी काच लावली तर तिच्यातून समोरचं आभाळही दिसेल आणि यंत्रांचे आकडेही त्या आभाळावरच दिसतील. "काचेत आरसा नसतो," सर म्हणायचे, "आरशाची सवय असते."

लेझर पुण्याच्या एका संस्थेनं तीन महिन्यांसाठी उसना दिला होता. तिथल्या मोठ्या साहेबांनी देताना हसून सांगितलं होतं की सोलापुरात होलोग्राम होणार नाही, तुमच्या गावची जमीन स्थिर नाही. सर तो लेझर घेऊन पॅसेंजर गाडीनं सोलापूरला निघाले. हादरा बसू नये म्हणून लांबट पेटी पांढऱ्या कापडात गुंडाळून मांडीवर घेतली आणि खाली ठेवायला ठाम नकार दिला. डब्यात हळूहळू शांतता पसरली. लोकांनी खिडकीची जागा दिली. एका म्हातारबाबांनी टोपी काढली. कुर्डुवाडी आलं तसं चार जण उठून म्हणाले, "उतरा की सायब, पंढरपूरची गाडी हितनं." सर म्हणाले, मला सोलापूरला जायचंय. म्हातारबाबा कळवळले, "अस्थी घिऊन सोलापूरला कुटं?" सरांनी खरं सांगायचा प्रयत्न केला, पेटीत उजेड आहे म्हणाले. त्यावर एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला म्हणे.

पुण्याच्या साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. चार मिनिटांच्या त्या वेळात वस्तू, काच, आरसे यांतलं काही केसाच्या हजाराव्या भागाएवढं जरी हललं तरी पापुद्रे पुसले जातात. आणि सोलापूर तर हलतच असे. चहूबाजूंना यंत्रमाग, खट्याक खट्याक, तिन्ही त्रिकाळ. जन्मापासून ऐकणाऱ्याला ते ऐकू येत नाही, पण जमिनीला येतं. सर चहाचा पेला टेबलावर ठेवून त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत. प्रतिबिंब थरथरलं की मान हलवून चहा पिऊन टाकत. त्या काळात त्यांनी जेवढा चहा प्यायला तेवढा कुठल्या हॉटेलवाल्यानंही प्यायला नसेल.

परदेशातून मागवलेल्या बारा काचा होत्या. पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पाच वाया गेल्या. रेल्वे लांब नव्हती आणि मालगाड्यांना फिजिक्सशी देणंघेणं नव्हतं. मग सर तळमजल्यावरच्या कोठीत उतरले. शहाबादी फरशीचा मोठा तुकडा, त्याखाली फुगवलेल्या स्कूटरच्या ट्यूबा. या ट्यूबा कुणाच्या, हे प्राचार्यांना दोन दिवस कळलं नाही. आसपासच्या पेठांची सुट्टी एका दिवशी नसे, म्हणून जवळच्या पेठेची सुट्टी गाठून प्रयोग लावला. माग बंद, गाडीची वेळ नाही, चहा शांत. आणि भिंतीपलीकडं धप्, धप्, धप्. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या घरी शेंगाची चटणी कुटायला घेतली होती. सर विनंती करायला गेले आणि पुडी घेऊन परत आले. म्हणाले, "लग्न आहे त्यांच्याकडं. पाच शेर कुटायची आहे. काय बोलणार?" आम्ही भाकरीबरोबर ती चटणी खाल्ली. अशी कोठीत तीन काचांची वाट लागली. चार उरल्या.

ज्ञानोबांनी एक जालीम उपाय सुचवला. "सर, लाइटच घालवू की. लाइट गेली की माग समदे बंद." सरांनी प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ज्ञानोबा स्वतःच म्हणाले, "व्हय. यंत्र बी बंद पडंल न्हवं."

आणि मग सरांना आठवला वडिलांचा खड्डा.

मल्लय्या गड्डम, म्हणजे सरांचे नायना, सत्तरीचे. अख्ख्या गल्लीत दीडएकशे यंत्रमाग आणि हातमाग एकच, तो यांचा. खड्डा माग. घराच्या जमिनीत कमरेएवढा खड्डा, काठावर बसायचं, पाय खाली पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्यांवर. त्यांच्या आजोबांनी खणलेला, खाली मुरूम, साठ-सत्तर वर्षं पायांनी घट्ट केलेला. सरांनी त्या खड्ड्यात चहाचा पेला ठेवून पाहिला. गल्लीतले माग चालू असूनही प्रतिबिंब जवळजवळ स्थिर. जवळजवळ. पण होलोग्रामला जवळजवळ चालत नाही. गल्ली पंधरा मिनिटं थांबली तर काम होणार होतं.

त्यासाठी आधी नायनांचा माग उतरवावा लागणार होता. त्या वयात एकदा उतरवलेला माग पुन्हा चढेल का, ही शंका घरात सगळ्यांना होती आणि कुणीच बोलत नव्हतं. सर तेलुगूत विचारत होते, मी भिंतीशी बसलो होतो. मागून त्यांनीच मला सगळं मराठीत सांगितलं.

"काय करणार खड्ड्यात?"

"तुमच्या धोट्याचं चित्र, नायना. काचेत. खऱ्यासारखं."

मल्लय्यांनी हातातल्या, आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याकडं पाहिलं. शिसवी लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड, मधे घासून गुळगुळीत झालेला. "माग मोडणार आणि धोट्याचं चित्र काढणार," ते म्हणाले. मग धोटा मांडीवर ठेवून म्हातारा म्हणाला, "एक अट. ते मला दिसलं पाहिजे. तुझ्या यंत्राशिवाय. या दारात, उन्हात."

ही अट म्हणजे बरोबर जाड होलोग्रामची अट. पुण्याच्या कुठल्याही साहेबानं इतकी नेमकी घातली नसती.

मागावर अर्धं लुगडं होतं. ते पुरं झाल्याशिवाय कापणार नाही, म्हणाले. लेझर परत करायला पाच आठवडे उरले होते. सर रोज येऊन बघत, घाई कर म्हणत नसत. अकराव्या दिवशी म्हाताऱ्यानं लुगडं कापलं, घडी घातली, आणि स्वतःच्या हातानं मागाची पहिली खुंटी काढली. "घे," एवढंच म्हणाले.

फरशी आणि ट्यूबा खड्ड्यात गेल्या. दारा-खिडक्यांना माझा पडदा लागला. धोट्याचं एक टोक प्लास्टरमध्ये पक्कं केलं. लेझरपुढच्या काळ्या पुठ्ठ्याला दोरा बांधून तो दाराखालून उंबऱ्यापर्यंत आणला, कारण आत कुणाचा श्वाससुद्धा नको होता. तो दोरा म्हणजे माझी भूमिका.

गल्लीतल्या बहुतेक कारखान्यांचे माग दुरुस्त करणारे जॉबर लतीफभाई. त्यांच्या शब्दावर मालक ऐकायचे. त्यांनी कपाळाला हात लावला. "सर, बंद करनेकू कुछ नहीं लगता. चालू करनेकू जान जाती." पण त्यांनी सगळ्यांना तयार केलं. ठरलं : दुपारी साडेबाराला लतीफभाईंनी शिट्टी मारायची आणि सगळे माग एकदम बंद.

एक काच नुसती उजेडाचा अंदाज घेण्यात खर्ची पडली होती. दुसरी लावून सर बाहेर आले. शिट्टी वाजली. माग थांबले.

मी त्या गावात जन्मलो, वाढलो. अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कान भोवंडले. मला लांबच्या एका घरातलं भांडं ऐकू आलं. सरांनी बोट वर केलं, मी दोरा ओढला, पुठ्ठा वर गेला. एक, दोन, तीन असं मनात मोजू लागलो. वीसपर्यंत गेलो असेन.

दारं धाडकन उघडली. घराघरांतून माणसं धावत बाहेर आली. विड्या वळणाऱ्या बाया मांडीवरची सुपं तशीच कडेला धरून धावत आल्या. "कुणाचा हात गेला?" "कुठल्या मागात?" "कोण गेलं?" त्या गल्लीत आवाज म्हणजे सगळं ठीक. माग बंद पडले म्हणजे कुणाचा तरी हात सापडला, नाहीतर संप, नाहीतर मरण. मालकांना सांगितलं होतं, घरांना सांगायचं आम्हा शहाण्यांना सुचलं नव्हतं. दोनशे पायांनी गल्लीची जमीन हादरली. आणि त्या गर्दीत सगळ्यात पुढं, अनवाणी, धोतर सावरत, कोण धावत होतं? मल्लय्या. ज्यांना सगळं ठाऊक होतं, जे माझ्या शेजारीच बसले होते, ते. शांतता पडली आणि साठ वर्षांच्या सवयीनं त्यांना उठवलं.

ती काच धुतली तर कोरी. सर खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. दोन काचा होत्या आणि हातात आठवडा. मालक पुन्हा तयार होईनात. लतीफभाईंनीही हात जोडले.

तेव्हा मल्लय्या उठले, डोक्याला पटका बांधला आणि बाहेर पडले. हे लहान वाटतं, पण गल्लीला ठाऊक होतं. वीस वर्षांत हा माणूस एकाही यंत्रमागाच्या कारखान्याची पायरी चढला नव्हता. ज्या यंत्रांनी त्यांचे सोबती एकेक करून उठवले त्यांच्या दारात ते पाऊल टाकत नसत. लग्नाची अक्षत द्यायलासुद्धा मालकाच्या घरी जात, कारखान्यात नाही. त्या दिवशी ते गल्लीच्या टोकापासून एकेका कारखान्यात गेले. मी मागं होतो म्हणून मला कळलं, ते प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलत होते.

"माझा माग उतरलाय. तुमचा थोडा थांबवा."

एकानंही नाही म्हटलं नाही.

आणि कसं थांबवायचं हेही त्यांनीच सांगितलं. सर ज्या गोष्टीवर महिनाभर चहा पीत होते ती म्हाताऱ्यानं एका दमात सोडवली. एकदम बंद केलं की कान घाबरतो, ते म्हणाले. गल्लीच्या दूरच्या टोकापासून सुरू करा. एक माग, मग दुसरा. कांडीतलं सूत संपल्यावर थांबतो तसा. रोज एक-दोन थांबतातच, कुणी ढुंकून बघत नाही. अर्ध्या तासात सगळे थांबू देत.

तसंच झालं. एकेक धागा काढून घ्यावा तसा आवाज विरळ होत गेला. शेवटी कुठंतरी एकच माग वाजत होता, एकटा, आणि मग तोही थांबला. बाया विड्या वळत राहिल्या. कुणी मान वर केली नाही. मल्लय्या उंबऱ्यावर उकिडवे बसले होते, उजवा तळहात जमिनीवर पालथा. सरांनी या वेळी चहा ठेवला नव्हता. ते वडिलांच्या हाताकडं बघत होते. बराच वेळ गेला. म्हाताऱ्यानं डाव्या हाताचं बोट वर केलं. मी दोरा ओढला.

ती चार मिनिटं. मला शिंक आली होती, मी ती कशी गिळली ते माझं मला ठाऊक.

काच धुवून, वाळवून सर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आले. आता मात्र सगळी गल्ली जमली होती. आपले माग कशासाठी थांबवले ते बघायचा तिला हक्कच होता. सरांनी काच उन्हात धरली, थोडी तिरकी केली, अजून थोडी. आणि काचेमागं धोटा उभा राहिला. अधांतरी. लोखंडी टोक चमकत होतं, लाकडावरचा घासलेला खोलगट भाग दिसत होता. मागं हात घातला तर काही लागत नव्हतं. लतीफभाई तीनदा काचेमागं जाऊन आले.

फक्त धोटा हिरवा होता. पोपटी हिरवा.

मल्लय्यांनी काच हातात घेतली, पाहिलं, आणि म्हणाले, "हा माझा नव्हे."

मागून कुणीतरी हसलं. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी समजावलं : चित्र लाल उजेडात घेतलं, पण धुऊन वाळल्यावर मसाल्याचा थर आटला. पापुद्रे जवळ जवळ आले. आता ते लाल रंगाला जुळत नाहीत, हिरव्याला जुळतात. प्राचार्यांच्या सफारीचं आटणं ज्या माणसानं आधीच सांगितलं होतं, त्याचीच काच पहिल्या धुण्यात आटली होती. नायनांची नजर अधू. त्यांना बारीक बघायचं असलं की ते वस्तू नाकाशी धरत आणि तोंड उघडं टाकून बघत, सूत तपासताना बघत तसं. तशीच त्यांनी काच जवळ घेतली. त्यांचा श्वास काचेवर पडला.

हिरवा धोटा पिवळा झाला. मग केशरी. मग लाल, खड्ड्यातल्या लेझरचा होता अगदी तेवढा लाल. क्षणभर राहिला, आणि कडेकडेनं पुन्हा हिरवा होत गेला.

मल्लय्यांनी पुन्हा एक फुंकर घातली, हळू, बाळाच्या डोळ्यावर घालावी तशी. धोटा पुन्हा लाल झाला. मुलाकडं न बघता ते म्हणाले, आणि हे त्यांनी मला कळावं म्हणून मराठीत म्हटलं, "सूत कोरडं पडलंय. ओल मागतंय. माझाच आहे."

सरांनी नंतर मला सांगितलं की ओलीनं थर फुगतो आणि पापुद्रे पुन्हा लांब जातात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि ऐन वेळी विसरले होते. कोरड्या उन्हाळ्यात सूत तुटू नये म्हणून विणकर मागाखाली पाणी शिंपडतात, तेच.

शेवटच्या काचेवर त्यांनी अंतर्गोल आरशाचा होलोग्राम केला. ती सपाट काच कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुढं अनेक वर्षं होती. खिडकीतून येणारं पांढरं ऊन तिच्यावर पडलं की भिंतीवर एक हिरवा टिकला उमटे, आणि ज्ञानोबा नव्या मुलांना सांगत, "हात लावू नका, ह्यात आरसा हाय आन् न्हाय बी." लेझर वेळेत पुण्याला गेला. परत देताना साहेबांनी विचारलं म्हणे, जमीन स्थिर कशी केली? सर म्हणाले, "वडिलांनी केली." साहेबांना ते पटलं नसावं. सरांचं त्यावर पुढं मोठं नाव झालं असं नाही. त्यांनी एका आठवड्याची रजा काढली आणि लेझर आणतानाही घेतली नसेल एवढी काळजी घेऊन वडिलांच्या हाताखाली माग पुन्हा चढवला. मल्लय्या त्यानंतरही विणत राहिले.

मी सोलापूर सोडून बरीच वर्षं झाली. मागं एका मे महिन्यात जाणं झालं आणि न कळवता त्या गल्लीत गेलो. माग तसेच वाजत होते. दार उघडं होतं. नायना कधीच गेले होते. माग उभा होता, त्यावर सूत नव्हतं. सर खड्ड्याच्या काठावर बसले होते, पाय खाली पावड्यांवर सोडलेले. केस पांढरे. अंगात तोच जाडाभरडा शर्ट, बाहीवर कुठंतरी रफू असणार, मला दिसलं नाही. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात त्यांनी काच धरली होती. त्यांनी फुंकर घातली, पाहिलं. रंग उतरेपर्यंत थांबले. डावा तळहात जमिनीवर पालथा होता. पुन्हा फुंकर घातली.

मी सरांना पाहिलं ते शेवटचं. मी हाक मारली नाही. उंबऱ्याशी उभा होतो, माझ्या जुन्या जागेवर. शिंक आली होती. मी ती गिळली.